'येस' म्हणजे 'हो' नव्हे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: निफाड तालुक्यातल्या एका गावातली सव्वीस वर्षांची मुलगी. शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम. नाशिकमध्ये. तीन वर्षांपासून द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं सांभाळते. गेल्या हंगामापासून परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायचं कामही तिच्याकडे आलं. फेब्रुवारीत रॉटरडॅमच्या खरेदीदाराने विचारलं, 'यू डोन्ट हॅव द रेसिड्यू रिपोर्ट येट?' (म्हणजे द्राक्षांत औषधांचे अंश किती उरलेत, त्याचा लॅबचा अहवाल.) ती म्हणाली, 'येस सर.' तिच्या मनात होतं, हो, अजून आलेला नाही. त्याने गृहीत धरलं की रिपोर्ट हातात आहे. 'देन लोडिंग बाय मंडे?' यालाही ती 'येस सर' म्हणाली. लॅबने तिला बुधवार सांगितला होता. रिपोर्ट गुरुवारी आला, कंटेनरची बोट चुकली, ग्राहक भडकला आणि शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, 'एवढं येस-नो कळत नाही?' फोनचं काम आता इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नव्या मुलाकडे गेलंय. तिच्यापुढे प्रश्न असा: कॉलेज रोडवरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला अठरा हजार भरावेत, की आपली कुवत ओळखून मुकाट्याने हिशेबाच्या टेबलावर बसावं? पत्राच्या शेवटी तिने लिहिलंय, 'दोन शब्दांसाठी एवढं मोठं पत्र. तुम्हाला हे मूर्खपणाचं वाटत नाही ना?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना 'येस सर'पाशी आले आणि मोठ्याने हसले, त्याबद्दल आधीच माफी मागते. हसू तुमचं आलं नाही, मला माझी बॅग आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मुलाकडे परदेशात गेले होते. विमानतळावरच्या गणवेशातल्या बाईने विचारलं, 'यू आर नॉट कॅरिइंग एनी फूड?' मी मान ताठ ठेवून म्हटलं, 'येस.' म्हणजे, बरोबर बोललात बाई, काही नाही. तिने बॅग उघडायला लावली. आतून चिवडा, मेतकूट, कुरडया आणि कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली. खोटं बोलायला गेले आणि इंग्रजीच्या कृपेने खरं बोलून बसले. लोणचं गेलं. चिवडा तिने वास घेऊन परत दिला. तेव्हा माझ्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी इंग्रजी पत्रव्यवहारात गेली होती. तेव्हा 'मराठी माध्यम, म्हणून असं झालं' हा जो निकाल तुम्ही स्वतःवर देऊन मोकळ्या झालात, तो मला मान्य नाही.

जरा नीट पाहू. त्याचा प्रश्न तुम्हाला कळला होता. 'डोन्ट' कळलं, 'येट' कळलं, रेसिड्यू तर तुमच्या घरात आजीलाही कळत असेल. तुम्ही दिलेलं उत्तरही अचूक होतं, फक्त ते मराठीत अचूक होतं. 'रिपोर्ट नाही आला अजून?' असं कोणी विचारलं तर आपण म्हणतो, 'हो ना, नाही आला.' इथला 'हो' विचारणाऱ्याच्या बोलण्याला आहे: तुम्ही म्हणता ते खरं. इंग्रजीतला 'येस' विचारणाऱ्याकडे बघतच नाही. तो थेट वस्तूकडे बघतो. रिपोर्ट आहे, तर येस. नाही, तर नो. मग प्रश्न सरळ विचारा, उलटा विचारा, चिडून विचारा, उत्तर तेच.

साध्या प्रश्नाला दोन्ही भाषा एकाच जागी पोचतात. 'रिपोर्ट आला का?' हो. येस. म्हणून शाळेत दहा वर्षं 'येस म्हणजे होय' असं घोकूनही कुठे अडत नाही. प्रश्नात 'नॉट' शिरला की वाटा फुटतात आणि तिथे पाटी कुणीच लावलेली नसते. तुमच्या त्या नव्या सहकाऱ्याने इंग्रजी शाळेत काढलेली वर्षं इथे उपयोगी पडतीलच असं नाही, कारण घरी तोही 'हो, नाही जेवलो' असंच म्हणत वाढला आहे. त्याची बोट अजून चुकायची आहे, एवढंच. (त्याचं वाईट चिंतत नाही. तुम्हीही चिंतू नका.)

यात आपण एकटे नाही. जपानी, कोरियन, चिनी माणसं अशा प्रश्नांना आपल्यासारखीच उत्तरं देतात आणि इंग्रजी बोलताना आपल्यासारखीच अडकतात. खुद्द इंग्रजांचीही या दोन शब्दांनी एके काळी चांगलीच धांदल उडवली होती. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत दोन नव्हे, चार शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', आणि ज्या प्रश्नात नकार आहे त्याला 'येस' आणि 'नो'. म्हणजे 'येस'चा जन्मच मुळी 'नाही ना?' असं विचारणाऱ्याचं बोलणं खोडून काढण्यासाठी झाला. विल्यम टिंडेलने 1526 साली बायबलच्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा त्या काळचा मोठा विद्वान सर थॉमस मोअर याने त्याच्यावर जे अनेक आरोप केले त्यात हाही होता की या गृहस्थाला 'ने' कुठे आणि 'नो' कुठे हेसुद्धा कळत नाही. तुमच्या शेठचंच वाक्य, 1532 सालचं! आणि गंमत अशी की हा नियम समजावून सांगताना मोअर स्वतःच घसरला आणि उलटं लिहून बसला. पुढे चारातले दोन शब्द बाजूला पडले आणि उरलेल्या दोघांवर सगळं ओझं आलं.

आता तुमच्या रॉटरडॅमच्या साहेबांकडे येते. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नसावी. डच भाषेत हो-नाहीच्या जोडीला एक तिसरा शब्द अजून जिवंत आहे, 'यावेल'. कोणी 'नाही ना आला?' म्हटलं आणि आलेला असेल, तर डच माणूस म्हणतो 'यावेल'. जर्मन 'डॉख' म्हणतात, फ्रेंच 'सी'. आपल्याकडे याला एक शब्द नाही, पण सूर आहे: 'आलाय की!' त्या 'की'वर आपण जो जोर देतो ना, तोच. तेव्हा 'यू डोन्ट हॅव?' नंतर तुमचा 'येस' त्यांच्या कानावर पडला तो 'आलाय की साहेब!' असा. त्यांनी निश्चिंत होऊन तारखा लावल्या. दोघंही आपापल्या घरच्या भाषेत बरोबर होतात, दोघंही परक्या भाषेत बोलत होतात, आणि मधल्या मध्ये बोट चुकली.

शेठ चिडले याचं मला नवल वाटत नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. त्या वर्षी निफाड-दिंडोरीत लोकांची झोप कशी उडाली होती ते तुम्ही लहान असलात तरी घरात ऐकलं असेल. तेव्हापासून 'रेसिड्यू' आणि 'रिपोर्ट' हे शब्द एका वाक्यात आले की इथला माणूस सावध होतो. अशा कागदाबद्दल गैरसमज झाला तर आवाज चढणारच. सगळ्यांसमोर चढायला नको होता.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता पत्रातल्या ज्या ओळीवरून तुम्ही झरकन पुढे गेलात तिथे थांबते. 'लोडिंग बाय मंडे?' या प्रश्नात 'नॉट' नव्हता. तो साधा, सरळ प्रश्न होता आणि लॅबने तुम्हाला बुधवार सांगितला होता. पहिला 'येस' भाषेचा होता. दुसरा तुमचा.

तिथे तुम्ही 'नो सर, वेन्सडे' म्हणाला असता, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, 'का? रिपोर्ट तर आलाय ना?' आणि पहिला घोळ तिथल्या तिथे उघडा पडून मिटला असता. तुम्ही का म्हणाला नाहीत, हे मला कळतं. समोर मोठा माणूस, शेठचा ग्राहक, त्याला तोंडावर 'नो' कसं म्हणायचं? आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्याला 'येणं जमणार नाही' असं कोणी सांगत नाही. 'येतो की', 'बघू', 'प्रयत्न करतो'. उसने पैसे मागणाऱ्याला 'बघतो ना भाऊ'. ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ बरोबर कळतो, म्हणून काही बिघडत नाही. पण 'आय विल ट्राय' ऐकून रॉटरडॅमचा माणूस ट्रक बुक करतो.

इथे मला एक शंका आहे, ती तुमच्याशी बोलून बघते. आपल्या मराठीत नकार एक नाही. 'रिपोर्ट नाही' ही वस्तुस्थिती. 'चहा नको' ही आपली इच्छा. 'हा तो प्लॉट नव्हे' ही ओळख. दोन वर्षांचं पोरसुद्धा 'नाही' आणि 'नको' यांची गल्लत करत नाही. इंग्रजीत एकटा 'नो' यातली बरीच कामं करतो. आणि आपल्या कानाला तो बहुतेक वेळा 'नको'सारखा ऐकू येतो. म्हणजे समोरच्याला परतवून लावल्यासारखा, जरा उद्धट. त्यामुळे नुसतं 'सोमवारी नाही होणार' सांगायचं असतं तेव्हाही जीभ अडखळते, जणू आपण त्या माणसालाच नकार देतोय. तुमचा 'नो' त्या दिवशी फक्त 'नाही' होता. लॅबचा, तारखेचा 'नाही'. त्यात त्यांचा अपमान होण्यासारखं काही नव्हतं. फोन उचलायच्या आधी मनात एकदा ठरवून बघा: आता मला जे सांगायचंय ते 'नको' आहे की 'नाही'? निर्यातीच्या कामात दहातले नऊ वेळा ते 'नाही' निघेल, असा माझा अंदाज.

आता तुमचे पर्याय.

क्लास लावायला माझी हरकत नाही. बोलायची भीड जाईल, चार ओळखी होतील. पण ज्या कारणासाठी तुम्ही पैसे भरायला निघालात ते काम तिथे होईल का, हे आधी विचारून घ्या. आत जाऊन सरांना सरळ विचारा: 'हॅवन्ट यू इटन? याला, जेवलो नसेन तर, येस म्हणायचं की नो?' उत्तर 'नो, आय हॅवन्ट' असं झटकन आलं तर बसायला हरकत नाही. सर आधी फीचं वेळापत्रक काढू लागले तर नमस्कार करून बाहेर पडा आणि जवळपास कुठेतरी मिसळ खा.

हिशेबाचं टेबल हा मात्र मला पर्याय वाटत नाही, पळवाट वाटते. तुम्हाला हिशेब आवडत असते तर गोष्ट वेगळी. पण पत्रात तुम्ही फोनच्या कामाबद्दल दीड पान लिहिलंय, कोणता ग्राहक किती घाईत बोलतो, कोणाला आधी हवामान विचारावं लागतं. आणि हिशेबाबद्दल एक ओळ.

राहिला तिसरा मार्ग, जो तुम्ही लिहिलाच नाही. शेठशी बोलणं. तुम्ही त्यांना 'सॉरी सर, माझं इंग्रजी कच्चं आहे' एवढंच सांगितलंत. त्यामुळे त्यांनी काढलेला निष्कर्ष तुम्हीच त्यांच्या हातात ठेवलात. हंगामाची गर्दी ओसरली की दहा मिनिटं मागून घ्या, एकट्यात. झालेलं नेमकं सांगा: प्रश्न असा होता, मी असं म्हणाले, त्यांनी असं समजलं. आणि सोमवारबद्दल मी चुकीचं हो म्हणाले, ती चूक माझी. दोन्ही गोष्टी सांगा, फक्त पहिली सांगाल तर ती सबब वाटेल. मग हळूच विचारा, 'सर, रिपोर्ट नाही ना आला, असं मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय म्हणाल?' ते 'हो, नाही आला' म्हणतील अशी मला बरीच आशा आहे. नाही म्हणाले तर माझं नाव सांगू नका.

फोनवर काय करायचं, तेही सांगते. हे परदेशी कंपन्यांच्या मुलाखती देणाऱ्या, व्हिसाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या, मुलांकडे निघालेल्या माझ्यासारख्या आजी-आजोबांनाही लागू आहे. पाठ करायला नियम देत नाही, कारण समोरचा घाईत असताना कोणाला नियम आठवतो? उलट आपली मराठीची सवयच इंग्रजीत न्या. आपण एरवी नुसत्या हो-नाहीवर थांबतोच कुठे? 'जेवलास?' 'जेवलो.' 'आला का रिपोर्ट?' 'नाही आला.' उत्तर क्रियापदात असतं. आयर्लंडच्या मूळ आयरिश भाषेत तर हो-नाहीसाठी वेगळे शब्दच नाहीत, ती माणसं असंच क्रियापदाने उत्तर देतात आणि इंग्रजी बोलतानाही 'आय डिड', 'आय अ‍ॅम' असं म्हणायची लकब त्यांच्यात दिसते. तुम्हीही तेच करा. 'इट हॅज नॉट कम.' 'वी विल गेट इट ऑन वेन्सडे.' येस-नो गाळूनच टाका. उत्तर थोडं कोरडं वाटेल, पण डच माणसाला कोरडं उत्तर खुपण्याची शक्यता कमी, ते लोक स्वतःही आडपडदा न ठेवता बोलतात म्हणून प्रसिद्ध आहेत.

एक जागा मात्र वेगळी सांभाळा: 'डू यू माइंड' किंवा 'वुड यू माइंड'. 'वुड यू माइंड इफ वी चेंज द डेट?' इथे 'येस' म्हणालात तर अर्थ होतो, माझी हरकत आहे. आपण तर मोकळ्या मनाने 'येस येस' म्हणून जातो. यात 'नॉट' कुठे दिसत नाही, म्हणून हा जास्त फसवा. 'दॅट इज फाइन' किंवा 'दॅट इज डिफिकल्ट' म्हणा आणि सुटा.

आणि तुमचं 'हं… येस… येस…'. फोनवर ऐकताना मध्ये मध्ये हुंकार द्यायची आपली जुनी सवय आहे. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार नाही मिळाला तर तो म्हणतो, 'ऐकतेयस ना?' आपल्या हुंकाराचा अर्थ 'ऐकतेय' एवढाच. पण तिकडून भाव सांगितला जात असताना तुम्ही तीनदा 'येस' म्हणालात, तर तिकडे तो भाव मान्य झाल्यासारखा वाटू शकतो. 'हं' चालेल. 'येस' राखून ठेवा.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत चार ओळींची मेल पाठवा: काय आलंय, काय आलेलं नाही, कधी येणार. त्या दिवशी अशी मेल गेली असती तर 'रेसिड्यू रिपोर्ट: नॉट रिसिव्हड' या तीन-चार शब्दांवर त्यांचे डोळे थांबले असते. ही सवय तुमच्या नव्या सहकाऱ्यालाही लावा. फोन तो करेल, मेल तुम्ही लिहा, असंही सुचवून बघा. कागद तुमच्याकडे आहेत, कुठला प्लॉट, कुठलं सॅम्पल, लॅबने काय तारीख दिली हे तुम्हाला तोंडपाठ आहे. माझा अंदाज, पुढच्या ऑक्टोबर छाटणीपर्यंत फोन आपणहून तुमच्या टेबलावर येईल, पण अंदाजच आहे तो. शेठच्या स्वभावाबद्दल तुम्हाला जास्त माहीत.

वडिलांना हे सगळं सांगितलेलं नाही, असं लिहिलंय. सांगा. अवकाळी, गारपीट, पडलेले भाव असं सगळं पाहिलेल्या बागायतदाराला चुकलेली एक बोट ऐकून धक्का बसणार नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: 'तुम्हाला हे मूर्खपणाचं वाटत नाही ना?' आता याला मी 'हो' म्हटलं तर तुम्ही रात्रभर विचार करत बसाल की बाईंना नेमकं काय म्हणायचंय. म्हणून आपल्या पद्धतीने, क्रियापदासकट सांगते. नाही वाटलं.